कोरं कापड

आमच्या यजमानांचा लेख परदेशातल्या मासिकात छापून आला तेव्हा आमचं लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते. ते इथे म्हैसुरात एका प्रयोगशाळेत रसायनशास्त्रज्ञ होते. घराणं रंगाऱ्यांचं, सासऱ्यांचं काम देवराज मोहल्ल्यात चालायचं. झाडाच्या सालीचा रंग उन्हापाण्यात उडतो. तो टिकवणारं नवं द्रव्य यांनी शोधून काढलं होतं. माझी शाळा चौथीपर्यंत. इंग्रजी लेखातलं त्यांचं नाव तेवढं मी ओळखायची, तेही त्यांनी बोट ठेवून दाखवलं म्हणून.

प्रयोगशाळेच्या ग्रंथालयात दरवर्षी एक जाडजूड पुस्तक यायचं. कोणाच्या लेखाचा दाखला कोणी दिला, एवढंच त्यात बारीक अक्षरांत असायचं. दाखला देणाऱ्यानं काय म्हटलं ते कळायचं नाही, कारण ती मासिकं इथे येत नसत. पुस्तक आलं की हे सायकलवरून घाईनं घरी येत आणि चपला काढायच्या आधी म्हणत, "अगं, यंदा आणखी वाढले!"

सासरी नव्या रंगाचं पहिलं कापड नीट उतरलं की शेजारी गोड वाटायची पद्धत होती. पुस्तक आलं की ती मी आमच्या अग्रहारातल्या घरी पाळू लागले. मला चारचौघींत बोलायची लाज. पण त्या दिवशी चिरोट्यांचं ताट घेऊन मी आपण होऊन घरोघर जायची. शेजारीण हसायची. "येन री, काय हो, परत चिरोटी? दरवर्षी बाळंत होतात वाटतं तुमचे यजमान!"

मग त्यांचे एक स्नेही परदेशातून परतताना दाखला देणारे ते सगळे लेख घेऊन आले. हे वाचत बसले. जेवायला उठले नाहीत.

"काय लिहिलंय?" मी विचारलं.

"यांचं करून पाहिलं, आमच्याकडे रंग टिकला नाही."

"कोणी लिहिलंय असं?"

"सगळ्यांनी."

पुढे कितीतरी महिने ते तेच प्रयोग पुन्हा करत राहिले. रंग उडायचा. एका रविवारी आम्ही देवराज मोहल्ल्यात गेलो होतो. त्यांनी आईकडे कोरं कापड मागितलं. सासूबाईंनी पेटीतून काढून दिलं. ते हातात घेऊन हे दाराच्या उजेडात निरखू लागले.

रंगाऱ्याच्या घरी हिरड्याच्या पाण्यातून काढल्याशिवाय कापड पेटीत जात नाही. त्याला किंचित पिवळी झाक येते, पण आमच्या घरांत त्यालाच कोरं म्हणतात. लहानपणापासून पाहिलेलं, डोळ्यांना ती झाक दिसतच नाही. लेखासाठीच्या शेवटच्या प्रयोगांच्या वेळी प्रयोगशाळेतलं कापड संपलं होतं, म्हणून यांनी हेच नेलं होतं. लेखात लिहिलं, कोरं कापड.

परत येताना सायकल हातात धरून ते माझ्याबरोबर चालत होते. म्हणाले, "ते द्रव्य काहीच करत नाही गं. रंग हिरड्यानं धरला. माझ्या आजोबांनाही ठाऊक होतं ते."

त्या वर्षी त्यांना बढती मिळायची होती. लेख चुकला असं ते स्वतःच छापणार, हे कळल्यावर त्यांचे साहेब घरी आले. मी स्वयंपाकघरात कॉफी गाळत होते.

"सुम्ने इरी. गप्प राहा तुम्ही," साहेब म्हणाले. "इतके दाखले आपल्याकडे कोणाला आहेत? वरचे लोक आकडा बघतात. आत काय लिहिलंय ते कोण वाचतंय?"

"मी वाचलंय ना, सर."

साहेब कॉफी न घेताच गेले.

अर्ध्या पानाचा तो मजकूर त्यांनी कितीदा लिहिला आणि फाडला. शेवटी पाठवला, छापूनही आला. बढती दुसऱ्याला मिळाली. कँटीनमध्ये त्यांना पाहून पोरंसोरं म्हणायची, "बन्नी, हिरडा सर, या बसा." हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, हसत सांगितलं, आणि मग उठून न्हाणीघरात गेले. बराच वेळ नळ चालू होता. त्यानंतर ग्रंथालयातलं ते पुस्तक त्यांनी उघडलं नाही. घरी बोलणंही कमी होत गेलं. मी जवळ बसायची.

ते गेले त्याला आता काही वर्षं झाली. परवा मुलीनं तिच्या कॉम्प्युटरवर त्यांचं नाव शोधलं. "आई, बघ! अण्णांच्या लेखाचा लोक अजून दाखला देतात. नवीन मुलंसुद्धा. रंग टिकवण्याचा उपाय म्हणून."

"आणि तो दुसरा? अर्ध्या पानाचा?"

तिनं शोधला. वेळ लागला. मग हळूच म्हणाली, "हा आहे. पण याचा दाखला कोणीच दिलेला नाही."

"एकानेही नाही?"

"नाही गं."

मी तिला ते अर्धं पान वाचून दाखवायला सांगितलं. इंग्रजी मला कळलं नाही, पण मी शेवटपर्यंत ऐकलं.