मनगटावरचा तपकिरी डाग

"गाडी आधी कुरकुरते, मग बंद पडते."

दगडू मिस्त्रीचं हे वाक्य मालनने लग्नापासून इतक्यांदा ऐकलं होतं, की ते कधी येणार हे तिला आधीच कळायचं. पंखा घुरघुरला, की हे वाक्य. शेजारणीचा गुडघा धरला, की हे वाक्य. कुणाच्या घरी नवराबायकोचं वाजलं, तरी जिना उतरता उतरता हेच.

पण वाक्य पोकळ नव्हतं. दगडूचा उभा जन्म खोपटच्या एसटी डेपोत गेला होता. फाटकातून गाडी आत वळली, की तो हातातलं काम थांबवायचा, मान तिरकी करायचा आणि म्हणायचा, "मागचं डावं. बेअरिंग गेलंय." चाक उतरवल्यावर तेच निघायचं. ड्रायव्हर मंडळी साहेबाच्या आधी त्याला विचारायची, "मिस्त्री, नेऊ का घाटात?" घाटावरच्या डोंगरी गावातून अनवाणी आलेला पोरगा, आणि त्याच्या एका हुंकारावर भरलेली गाडी सुटायची किंवा थांबायची. मालनला त्या कानाचा अभिमान होता. पुढे तोच कान तिच्या जिवाला घोर लावील, हे तेव्हा कुठं ठाऊक होतं?

निवृत्त झाला आणि कान रिकामे झाले. वर्तकनगरच्या वसाहतीत सकाळी कुकरच्या शिट्ट्या आणि दुपारी कबुतरं, याशिवाय ऐकण्यासारखं काही नव्हतं. मग दगडू माणसं ऐकायला लागला. जिन्यात कुणी दम खाल्ला, की तो दार उघडून उभा. कुणी "हल्ली थकल्यासारखं वाटतं" म्हणालं, की त्याचे डोळे चमकायचे. त्यात जावयाने जुना फोन दिला. फोनच्या व्हिडिओंत माणसं होती, ती दिवसभर एकच सांगायची: तुम्ही थकलेले आहात आणि तुम्हाला कुणी खरं सांगत नाही.

तिथूनच त्याला आयोडीन सापडलं. कल्याणला एका गल्लीत कुणी उपचारवाला बसत होता. डॉक्टर नव्हता, अंगात पांढरा कोट मात्र होता. त्याने दगडूला तपकिरी थेंबांची बाटली दिली आणि एक परीक्षा शिकवली. मनगटाच्या आतल्या बाजूला संध्याकाळी थेंबाचा डाग लावायचा. सकाळपर्यंत डाग राहिला, तर अंगात आयोडीन पुरेसं. डाग उडाला, तर अंग तहानलेलं, त्यानेच ते पिऊन टाकलं. मग रोज पाण्यातून थेंब घ्यायचे. उपकरण नाही, रक्त नाही, सुई नाही. दगडूला ही परीक्षा फार आवडली. तीत त्याला डेपोतल्या कामाची सफाई दिसली.

आणि आणखी एक गोष्ट होती. तो ती कुणाला सांगत नसे. त्याच्या आईला गलगंड होता. मालन सून म्हणून घरात आली, तेव्हा म्हातारीच्या गळ्याखाली पेरूएवढी गाठ होती आणि उन्हाळ्यातही ती पदर गळ्याभोवती गुंडाळून बसायची. पाणवठ्यावर पोरं तिला चिडवायची. तिचा आवाज घोगरा झाला, मग गिळता येईना. शेवटी तालुक्याच्या डॉक्टरने सांगितलं, की हे मिठातल्या आयोडीनच्या उणिवेचं दुखणं आहे आणि आता फार उशीर झाला. दगडू तेव्हा डेपोत परक्या गाड्यांची कुरकुर ऐकत होता. आईची ऐकली नाही, हे त्याच्या मनात रुतून बसलं ते बसलंच.

मालनला हे सगळं कळत होतं. म्हणून तर तिला धड रागावता येत नव्हतं आणि गप्पही बसवत नव्हतं.

सगळ्यात आधी स्वयंपाकघरातलं पुड्याचं मीठ गेलं. "तव्यावर पडलं की त्यातलं आयोडीन उडतं. उरतं ते नुसतं रसायन," असं सांगून दगडूने पुडा उचलून वॉचमनला दिला आणि गुलाबी सैंधव आणलं.

"अहो, सैंधव उपासाचं. रोजच्या आमटीत कोण घालतं?"

"राजे-महाराजे घालायचे."

"राजे-महाराजांना तुमच्यासारखं दोनदा वर मीठ मागायला लागत नसेल."

मग दगडूचा मोर्चा बिल्डिंगकडे वळला. पैसे घ्यायचा नाही, चहासुद्धा नको म्हणायचा, म्हणूनच लोकांचा विश्वास. थोड्याच दिवसांत लिफ्टचं बटण दाबणाऱ्या हातांवर तपकिरी डाग दिसू लागले. सकाळी जिन्यात निकाल लागायचा.

"मिस्त्री, माझा तर दूध यायच्या आत गायब!"

"बघ. किती तहानलंय अंग."

पास कुणी झालंच नाही. तळमजल्यावरचे पेन्शनर, तिसऱ्या मजल्यावरची नर्स, जिमला जाणारा पोरगा, सगळ्यांच्या अंगात खडखडाट. मालनच्या मनात पहिला खडा तेव्हाच पडला. सगळ्याच गाड्या बिघडलेल्या निघाल्या, तर मिस्त्रीने आधी आपला पाना तपासायला नको का? पण हे बोलणार कोण? बोललं, की दगडू नजर वर करून म्हणायचा, "तुला यातलं काय कळतं?"

बाळकुमची सखुबाई कोपऱ्यावर टोपली घेऊन बसायची. जुनी कोळीण. खाडीकाठचं गाव टॉवरांनी गिळलं, तरी हिची टोपली उठली नव्हती. मालन तिच्याकडे बोंबील घेत असताना दगडूने तिचाही हात धरला आणि डाग लावला.

"अरं मिस्त्री, मेंदी काढतंस का काय?"

"मावशी, उद्या सकाळपर्यंत पाणी लावू नको."

"मासंवालीला सांगतं पाणी लावू नको! मग मासं काय तुजा बाप धुवंल?"

तरी तिने हौसेने हात जपला. दुसऱ्या दिवशी मालन गेली, तर सखुबाईने मनगट तिच्या नाकापुढे धरलं. कोरं.

"बघ गो बाय. नापास झालू."

"मावशी, तुम्ही मासे रोज खाता ना?"

"दात नव्हतं तवापासून खातंय, आता दात ऱ्हायलं नाय तरी खातंय. माज्या अंगात कमी, तं सगल्या खाडीलाच औषद पाजा म्हनावं त्याला."

मालन हसली. हसता हसता थांबली. समुद्राच्या माशात आयोडीन असतं, हे दगडूनेच जेवताना दहादा सांगितलं होतं. मग या बाईच्या हातावरचा डाग कुणी प्यायला? घरी येऊन तिने विचारलं. दगडूने क्षणभरच विचार केला.

"वय झालंय तिचं. खाल्लेलं अंगी लागत नाही."

असं होतं सगळं. त्याच्याकडे प्रत्येक खिळ्याला हातोडी होती.

इथवर मालनने सोसलं. थेंब घेऊन म्हाताऱ्यांना काही झालं, तर त्यांची मुलं आहेत बघायला, असं स्वतःला समजावलं. पण एका दुपारी रुचिता आली.

रुचिता त्यांची एकुलती एक लेक, कल्याणला दिलेली. पहिल्या बाळंतपणानंतर तिची थायरॉईडची ग्रंथी मंदावली होती. डॉक्टरांनी रोज सकाळी उपाशीपोटी घ्यायची एक बारकी गोळी दिली होती आणि गोळीवर पोर छान टुणटुणीत झाली होती. आज दारात उभी राहिली ती वेगळीच. चेहरा सुजट, पापण्या जड. भर उकाड्यात तिने पंखा कमी करायला सांगितला. आणि "आई" म्हणाली तो आवाज ऐकून मालनच्या हातातला पेला ओट्यावर आपटला. घोगरा. सासूचा आवाज होता तो.

"गोळी घेतेस ना गं?"

रुचिताने बॅगेची चेन उघडली, लावली, पुन्हा उघडली.

"रुचे, मी काय विचारते?"

"बाबांनी थांबवायला सांगितली."

"कधी?"

"झाले की दोन महिने. ते म्हणाले, गोळी म्हणजे ढकलस्टार्ट. रोज ढकलत बसण्यापेक्षा बॅटरी भर. थेंब देऊन गेले. माझाही डाग उडाला होता गं, मी स्वतः बघितला." मग खाली मान घालून म्हणाली, "आणि आई, मला दिवस गेलेत. अजून कुणाला सांगितलं नाही."

मालनने तिला आधी खुर्चीत बसवलं. आनंदाची बातमी अशी अंगावर दगडासारखी येते, हे तिने आयुष्यात पहिल्यांदा अनुभवलं. थायरॉईड सांभाळला नाही, तर पोटातल्या जिवाला त्रास होतो, एवढं गोळी सुरू करताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. ते तिला लख्ख आठवलं.

दगडू बाजारातून आला, तेव्हा तिने भांडण काढलं नाही. भांडणात तो जिंकायचा. तिने फक्त त्याची बाटली घेतली, कपाटातली चिनी मातीची बशी काढली आणि बशीच्या पाठीवर तसाच एक डाग लावून ती खिडकीत ठेवली.

सकाळी बशीवर डागाची फिकट पिवळी कड तेवढी उरली होती. मालनने ती दगडूच्या चहाशेजारी ठेवली.

"हे काय?"

"काल तुमच्या थेंबाने हिला डाग लावला होता. उडाला. आता हिलाही थायरॉईड झालाय का ते सांगा."

दगडूने बशी उचलली. उजेडात धरली, वास घेतला. मग तो म्हणाला, "खिडकीत ठेवलीस. वाऱ्याने उडाला."

"आणि माणसं काय डबीत झोपतात? त्यांना वारा लागत नाही?"

"बशीची गोष्ट वेगळी, माणसाची वेगळी. अगं, तुला यातलं..."

"काही कळत नाही मला! मान्य. पण एवढं कळतं, की मिठातून जे फुकट मिळत होतं, ते तुम्ही वॉचमनला देऊन टाकलंत आणि तेच बाटलीतून ओतत बसलात. आणि लेकीचं औषध बंद केलंत. ती पोटुशी आहे. उठा, चला दवाखान्यात."

पोटुशी हा शब्द ऐकला आणि दगडूचा चहा तसाच राहिला.

डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात गर्दी होती. रक्त तपासायला गेलं, संध्याकाळी कागद आला. बाईंनी तो वाचला आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"गोळी का सोडली?"

रुचिताने वडिलांकडे पाहिलं. दगडूने छाती पुढे काढून डागाची परीक्षा सांगितली, मिठाचं सांगितलं. आणि मग, मालनने तीस वर्षांत परक्यापुढे कधी ऐकलं नव्हतं, ते आईचंही सांगितलं. सांगताना त्याचा हात आपोआप गळ्याकडे गेला.

बाईंनी थोडं थांबून ऐकलं असतं, तर कदाचित काही घडलं असतं. पण बाहेर पेशंट खोळंबले होते.

"काका, तुमच्या आईला आयोडीन कमी होतं. हिला कमी नाही, हिची ग्रंथीच काम करत नाहीये. जास्तीचं आयोडीन दिलंत, तर ती आणखी बिघडते. साधं पुड्याचं मीठ खाणाऱ्या बहुतेक माणसांना वरून काही लागत नाही. गरोदरपणात थोडं जास्त लागतं, पण किती, ते मी बघेन. तो डाग प्रत्येकाच्याच हातावरून उडतो, त्याने काहीही कळत नाही. आणि प्लीज, ते व्हिडिओ बघणं बंद करा." मग त्या रुचिताकडे वळल्या. "गोळी आजपासून चालू. डोस वाढवलाय. महिन्याने पुन्हा रक्त."

"बाळाला काही..." मालन टेबलावर पुढे वाकली.

"वेळेत आलात, असं म्हणू या. आत्ता याहून जास्त मी सांगू शकत नाही."

रिक्षाने तिघं घरी निघाली. कुणीतरी पाठीवर हात ठेवून, आईबद्दल दोन शब्द बोलून सांगितलं असतं तर दगडूला पटलं असतं, असं मालनला वाटत राहिलं. आणि दुसऱ्याच क्षणी तिला चीड आली. का म्हणून? लेकीचा सुजलेला चेहरा पुरेसा नव्हता? याला पटावं म्हणून सगळ्या जगाने मऊ बोलायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी रुचिताने वडिलांच्या समोर गोळी घेतली. दगडूने स्वतः पाणी आणून दिलं. मालनने पुड्याचं मीठ आणून बरणीत भरलं, तेही त्याने चालवून घेतलं. तिला वाटलं, सुटलो. सुपारीएवढी का होईना, गाठ सुटली.

"आता बिल्डिंगमध्ये सांगून या," ती म्हणाली. "परीक्षा खोटी आहे म्हणून. लोक रोज थेंब घेताहेत."

दगडू चपला शोधत होता.

"रुचिताचं वेगळं," तो म्हणाला. "तिची ग्रंथीच बिघडलीय, बाई म्हणाल्या ना. बाकीच्यांची ठीक आहे. त्यांना कमीच आहे."

"बाबा!" रुचिता उठून उभी राहिली. "डाग सगळ्यांचाच उडतो, असं म्हणाल्या त्या. तुमच्यासमोर."

"त्या शिकलेल्या आहेत. पण त्यांनी माझ्या आईला बघितलं नाही."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. बाळकुमच्या टॉवरमधली कुणी बाई होती. तिचा आवाज खोलीभर ऐकू आला. "मिस्त्रीकाका, येताय ना आज? माझ्या सासूबाईंना पण डाग लावायचाय."

"येतो, निघालोच," दगडू म्हणाला.

मालन दारात आडवी उभी राहिली. "तुम्ही गेलात, तर मी मागोमाग जिना उतरेन आणि एकेक दार वाजवून सांगेन, की मिस्त्रीचं ऐकू नका. नवऱ्याची अब्रू जाईल, जाऊ दे."

"सांग," तो म्हणाला. रागाने नाही. डेपोत नवख्या पोराने चुकीचं चाक दाखवलं, तर तो ज्या समजुतीच्या सुरात बोलायचा, त्याच सुरात. "तुला वाटतं ते तू सांग. मला ऐकू येतं ते मी सांगतो."

तिच्या बाजूने वाट काढून तो बाहेर पडला. बाटलीची पिशवी खांद्याला होती. गॅलरीतून मालनने त्याला खालच्या अंगणात निघालेला पाहिला. पेन्शनरांनी हात केला, त्याने हात केला. एकाने मनगट पुढे धरलं, दगडूने वाकून पाहिलं, मान हलवली, पाठीवर थाप मारली आणि पुढे निघाला. फाटकाशी तो थांबला नाही, वळूनही पाहिलं नाही. रस्त्यापलीकडे बसथांब्याच्या दिशेने तो सावकाश, ताठ चालत गेला. मालन कठडा धरून पाहत राहिली. तिच्या मागे रुचिता उभी होती, एक हात पोटावर ठेवून, आणि दोघींपैकी कुणीही त्याला हाक मारली नाही.