काकूचे दोन हजार

कोरोनाच्या टाळेबंदीत सरकारने शेतकऱ्यांच्या खात्यात दोन-दोन हजार टाकले, तेव्हा आमच्या घरातल्या चारही खात्यांचे मेसेज माझ्याच फोनवर यायचे. बाबांचे, धाकट्या भावाचे, काकूचे आणि माझे. घरात फॉर्म भरणारा शहाणा मी. मोबाइल नंबराच्या रकान्यात प्रत्येक वेळी स्वतःचाच नंबर लिहिला होता आणि त्याचा मला अभिमानही होता.

त्या दिवशी मेसेज आले तीन. चष्मा आत राहिला होता, पण तेवढ्यासाठी कोण उठतो? मी ओसरीतूनच जाहीर केलं, "बाबाचे आले, भावाचे आले, माह्ये आले. काकू, तुह्ये नाई आले."

"काहून?"

"सातबाऱ्यावर नाव चढलं नसन अजून."

काका जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यांचं तीन एकर वावर तिच्या नावावर व्हायचं होतं. तलाठी म्हणायचा झालं, बाबा म्हणायचे पाहू. तिला त्यात ज्वारी पेरायची होती आणि बाबांना कपाशी. बाबा तिचे भासरे, म्हणजे थोरले दीर, त्यामुळे दोघं एकमेकांशी थेट बोलत नसत. दहा हातांवर बसून माझ्यामार्फत बोलत. "सांग तिले, नाव होऊ दे पहिले, मंग ज्वारीचं पाहू," हे मी दोन हंगाम पोचवलं होतं.

तिसऱ्या दिवशी काकूने पासबुक पिशवीत घातलं. "मले बोरीच्या बँकेत ने."

"पैसेच नाई त कायले?"

"नाई हायेत, तेच लिहून आणू."

बँकेबाहेर चुन्याचे गोल आखले होते. आम्ही एकेका गोलात उभे राहत दोन तासांनी खिडकीशी पोचलो. प्लास्टिकच्या पडद्याआडच्या साहेबाने पासबुक छापून पाहिलं. "मावशी, दोन हजार जमा आहेत."

"दुसऱ्या कोणाचे असतील," मी मदत केली.

"पासबुक यांचंच आहे ना?"

मी चष्मा लावून माझा समजलेला मेसेज काढला. खात्याचे शेवटचे चार आकडे काकूचे होते. मग माझं खातं पाहायला लावलं. ते कोरडं. सगळ्यांचं आधार बँकेत जोडत फिरलो, त्या गडबडीत माझंच राहिलं होतं.

काकू हसली असती तर बरं वाटलं असतं. तिचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. "साहेब, वावर नावावर नसतं त हे पैसे आले असते काय?"

"नसते आले, मावशी."

"जरा जोरानं सांगा. ह्याले."

साहेबाने जोराने सांगितलं. रांगेतल्या चार-पाच जणांनीही ऐकलं. पैसे मात्र तिने काढले नाहीत. म्हणाली, "राहू द्या तिथंच. कोणी नाई म्हटलं त दाखवाले होतीन."

घरी आल्यावर मी ओसरीत बाबांना सगळं सांगितलं, माझ्या आधारचा भाग सोडून. तो काकूने स्वयंपाकघरातून जोडला. बाबा दोर वळत होते.

"सांग तिले, ज्वारी डुकरं खातीन."

"सांग त्याईले, माह्या वावरातली खातीन."

मी दोन्ही निरोप पोचवले, म्हणजे दोन्हीकडे एकेकदा पाहिलं. बाबांनी दोराला आणखी चार पीळ दिले.

"विचार तिले, बियाणं कोणतं आणू."

मी तोंड उघडणार, तोच काकू पदर सावरत दारात आली. माझ्याकडे न पाहता सरळ बाबांना म्हणाली, "आणाचं काम नाई. दिवाळीलेच माहेराहून आणून ठेवलं हाये."

बाबांनी दोरावरची नजर न काढता मान डोलावली.