मारुतीमामाच्या नऊ चाली

आईशप्पथ, सगळं खरं हाय. म्हंजे निम्मं मी बघितलेलं, थोडं ऐकलेलं, अन् कमी पडलं तिथं जरा भर घातलेली.

घाटनांदूरच्या कटिंगच्या दुकानात आमचा बुद्धिबळाचा अड्डा. केसं रोज झाडून निघतेत, किस्से तसेच साचतेत. अन् किस्सा ऐकून जो हसंल, चहा त्याच्याकडं.

त्यातले लई मारुतीमामाचे. मामा शेळ्या राखतो. माळावर मोबाईलवर 'सिसिलियन डिफेन्स' शिकला, म्हंजे काळ्या सोंगट्यांनी डाव सुरू करायची एक रीत. एकदम धारदार! पण नवव्या चालीला नेटपॅक संपला. तवापस्नं नऊ चाली सटासट, अन् दहाव्याला मामा इचारतो, "घरी बरं हाय ना?"

*

केजचे एक सर आलते. मामाच्या नऊ चाली दोन मिनिटात! दहाव्याला मामा उठून शेळी बांधायला गेला. सर घामाघूम. "जिंकलेला माणूसच असा उठतो," म्हणले अन् डाव सोडला!

*

परळीच्या एका गड्यानं पहिलीच चाल येगळी केली. मी म्हणलं, "मामा, इथं तुझं सिसिलियन चालत न्हाई."

"त्याला काय खेळायचं ते खेळू दे बे. मी माझं खेळतो."

हरला. पण नऊच्या नऊ खेळून हरला!

*

म्हणलं, "मामा, रिचार्ज मारून देतो, पुढचं शिक."

"नगं. पुढं काय हाय ते मलाच ठावं न्हाई, मग समोरच्याला कसं कळंल?"

*

उन्हाळ्यात चारा संपला. हिरवं उरलं ते फक्त आण्णांच्या कॅनॉलकडच्या रानात. आण्णा पुढारी. मागं कायम चार जण, आण्णा शिंकले तरी "वा आण्णा!" म्हणणारे.

आण्णा म्हणले, "मला हरव, पावसापर्यंत माझ्या रानात शेळ्या चारत जा. हरलास तर फिरकायचं न्हाई." म्हंजे शेळ्या इकायच्या!

मामाच्या नऊ चाली झाल्या. आण्णांनी दहावी केली, तेवढ्यात त्यांना फोन आला. बोलून वळले. पाळी मामाची होती.

मामा म्हणला, "आण्णा, कवाधरनं तुमचीच वाट बघायलो."

चौघांनाबी दिसलं. पण आण्णाला 'चुकलं' कोण म्हणणार? आण्णांनीच परत चाल केली, झोकात वजीर सरकवला, थेट मामाच्या उंटाच्या तोंडी.

"वा आण्णा!"

मामानं वजीर मारला.

"वा आण्णा!"

पुढच्या पाच चालीत आण्णा मात.

सकाळी शेळ्या रानात. अन् स्टँडवर फ्लेक्स! आण्णा हात जोडून, 'मुक्या जनावरांसाठी वजिराचा त्याग!' अन् खाली, शुभेच्छुक म्हणून, शेळ्यांचे फोटो. नावासकट!

हसलास ना? मग चहाचे तूच दे बे.