अंपायरमास्तरांचं बोट

अंपायरमास्तर कधी कुणाला बोटानं काही दाखवत नसत. नागपूरच्या महाल भागात कुणी पत्ता विचारला, तर हनुवटी उडवून गल्ली दाखवायचे. शाळेत गणित शिकवताना फळ्यावरचा आकडासुद्धा छडीनं दाखवत. "हे बोट एकाच कामाचं हाये," म्हणत. ते काम म्हणजे फलंदाजाला बाद देणं.

दुसरी सवय घरच्यांना छळणारी होती. अपील झाल्याशिवाय अंपायरनं निकाल द्यायचा नाही, हा क्रिकेटचा नियम त्यांनी संसारालाही लावला होता. एकदा मी त्यांच्याकडे जेवायला होतो. वरणात मीठच नव्हतं. मास्तर मुकाट्यानं दोन वाट्या वरण जेवले. मागून काकू जेवायला बसल्या आणि कडाडल्या, "काहून सांगितलं नाही जी?" मास्तर शांतपणे म्हणाले, "तू विचारलं कुठं वं?"

अशा माणसावर आम्ही पक्षपाताचा आळ घेतला, आणि त्याला कारण मी होतो.

विलायतेचा संघ दौऱ्यावर आला होता आणि नागपुरात आमच्याशी खेळत होता. माझा जम छान बसला होता. जेवणाआधीच्या शेवटच्या षटकात चेंडू माझ्या बॅटची कड चाटून यष्टिरक्षकाच्या हाती गेला. इतका हलका, की फक्त माझ्या मुठीला कळलं. गोऱ्यांनी अपील केलं, मास्तरांचं बोट वर गेलं. मी मात्र जागचा हललो नाही. मग बॅट उलटीसुलटी करून बघत, मान हलवत तंबूत आलो. निव्वळ नाटक!

लोक खवळले. "गोऱ्यायचा चाकर!" अशी आरोळी उठली. संत्र्यांची सालं मास्तरांच्या पांढऱ्या कोटावर येऊन पडली. सत्याग्रहाचे दिवस होते ते. आमच्या कॅप्टननं तंबूत सतरंजीवर बैठकच मारली. "अंपायर बदला, नाही तं आमचा कोनी मैदानात जानार नाही." सगळा संघ बसला. मीही बसलो. कॅप्टननं माझ्या खांद्यावर हात टाकला होता आणि तो हात निघू नये असं वाटत होतं.

अंपायर बदलला असता, तर मास्तर पुन्हा कुठल्याच मैदानावर उभे राहू शकले नसते. ते तंबूत आले. कोटावर साल तसंच चिकटलेलं.

"सत्याग्रह करून राहिले ना गा? मंग सत्य काय ते याले विचारा." त्यांनी हनुवटीनं मला दाखवलं. "मी चुकलो असन. पन भेलो नाही."

कॅप्टन माझ्याकडे बघू लागला. मी बॅटची कड अंगठ्यानं चोळत राहिलो. मग एकदाचं तोंडून निघालं, "लागली होती."

खांद्यावरचा हात निघाला. "उठा रे सगळे," कॅप्टन म्हणाला, आणि पुढं दोन वर्षं माझ्याशी बोलला नाही. सामनाही आम्ही हरलो. संध्याकाळी मात्र मास्तर सायकल ढकलत माझ्याबरोबर घरापर्यंत आले. "टाइम लावला गा, पन निकाल बरोबर देल्ला," एवढंच बोलले. मला लाज वाटत होती आणि हलकंही वाटत होतं.

पुढं मास्तरांची नजर अधू झाली. एके दिवशी त्यांनी आपण होऊन कोट उतरवला. त्यांच्या जागी कोण, यावर क्लबात बराच खल झाला. शेवटी कॅप्टन उठला. "त्याले उभं करा," माझ्याकडे न बघताच तो म्हणाला. "साऱ्या टीमसमोर सोतालेच आऊट देल्लं त्यानं." माझे डोळे भरून आले.

पहिल्याच सामन्यात मी त्या कॅप्टनला पायचीत दिलं. जेवणाच्या सुट्टीत मास्तरांना भेटायला गेलो. कडुनिंबाखाली खुर्ची टाकून ते नुसत्या आवाजांवर सामना बघत होते.

"कोन गेलं गा?"

"कॅप्टन."

"भांडला काय?"

"नाही मास्तर. माझ्याकडे पाहिलं अन् चालू लागला."

मास्तर छत्री चाचपत उठले.

"मंग माहं इथं काय काम?" म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच सामना अर्धा टाकून घरी निघाले.