मॅडमचं सुकं, ग्रेसीचं सुकं

पाचूबंदरच्या ग्रेसीला बसलेली कोणी पाहिली असेल, तर ती चर्चमध्येच. तिथेही प्रवचन लांबलं की तिचा अंगठा चपलेशी चाळा सुरू करतो. घरात तर विचारू नका. भात शिजतोय तेवढ्यात बांबूवर वाळत घातलेले बोंबील उलटून येईल, कोंबड्या हाकलेल, शेजारणीशी भांडून घेईल. नवरा सेबेस्टियन म्हणतो, "हिला देवानं बनवली, बसवायला विसरला."

अशा बाईचे पाय सुजले. चपलेचा पट्टा मांसात रुतायला लागला. डॉक्टरांनी रक्त तपासलं, म्हणाले, किडनीचं काम निम्म्याहून कमी झालंय. सांभाळलं नाही तर पुढे मशीन लागेल. मशीन म्हणजे काय, तर चार-चार तास एका जागी पडून राहायचं, आठवड्यातून दोन-तीनदा, कायमचं.

"मना मरन चालंल," ग्रेसी बाहेर आल्या आल्या सुनेला, रिचेलला म्हणाली, "पडून ऱ्हानं नाय."

त्याच दवाखान्यात जेवणाखाण्याचं सांगायला मनाली मॅडम बसायच्या. साताऱ्याकडच्या, गोड बोलणाऱ्या. म्हणाल्या, "मावशी, मीठ कमी. तेल बेताचं. तवंगाचा रस्सा नकोच, सुकं खात जा."

"सुकं चालंल?"

"चालेल की. रोज खा."

ग्रेसी खूश. सेबेस्टियन म्हणाला, "डॉक्टरीन आपल्यातलीच दिसते गो!"

त्या दिवसापासून तेलाचा डबा फळीवर, सगळ्यात वर. कालवणात वरून मीठ घालणंही तिने सोडलं. निखाऱ्यावर सुके बोंबील नाहीतर खारवलेला बांगडा भाजायचा आणि तांदळाच्या भाकरीबरोबर खायचा. बांगड्यातलं मीठ तिच्या लेखी मीठ नव्हतंच. ते बांगड्याचं होतं.

पण सूज उतरेना. उलट गुडघ्याकडे चढली. जेट्टीवरून मासळीची टोपली आणताना धाप लागायला लागली, हातपाय गळाले. ग्रेसीला वाटलं, कुठेतरी तेल लपून बसलंय. तिने तवा राखेने घासला. तरी कुठे तेलाचा ओशटपणा राहिला असेल, म्हणून परत घासला. एकदा रिचेलने डाळीला चमचाभर तेलाची फोडणी दिली तर ग्रेसी वासावरून धावत आली.

"मना मशीनवर निजवायची घाई झालीय तुला?"

"मम्मी, एवढुशा तेलाने काय होतंय?"

"पाय बघ माझे! हे काय होतंय?"

रिचेलने डाळ मोरीत ओतली आणि दोघी दिवसभर बोलल्या नाहीत. ग्रेसी रात्रभर कूस बदलत राहिली. निजली की छातीवर वजन यायचं, उठली की पाय ठणकायचे. उठबस, उठबस.

पुढच्या तपासणीत रक्तातल्या कचऱ्याचा आकडा वाढलेला. मनाली मॅडम कागद बघून गंभीर झाल्या. "मावशी, खाताय काय?"

"तुमी सांगितलं तेच. सुकं."

"कसली भाजी?"

"भाजी कशाला? बोंबील. खारा बांगडा. भाजून. तेलाचा थेंब नाय, येशूची शपथ!"

मॅडमचं पेन थांबलं. रिचेलने कपाळाला हात लावला. "अहो, यांच्याकडे सुकं म्हणजे सुकी मासळी!"

"मी म्हणत होते सुकी भाजी... रस्सा नसलेली."

"मग तसं बोलायचं ना बाय! आमच्यात सुकं म्हनजे सुकं."

मॅडमचा चेहरा उतरला. "चुकलं माझं. विचारायला हवं होतं." मग त्यांनी सावकाश फोड करून सांगितलं. सूज आणली ती मिठाने, तेलाने नव्हे. तेलात मीठ नसतं. तेल अजिबात तोडलं म्हणून अंगातली ताकद गेली. पण किडनी दमली की काळजावरही ताण येतो, म्हणून तेल धार धरून नाही, चमच्याने मोजून. शेंगदाण्याचं चालेल. तळून उरलेलं पुन्हा तापवायचं नाही. पावाला खारं बटर नको, बिनमिठाचं, तेही सणासुदीला. मासळी ताजी, आणि तुकडा किती ते दर तपासणीला ठरवू.

"आनि मशीन?"

"ते आत्ता नाही सांगता येत, मावशी. महिन्याने परत बघू."

घरी येऊन ग्रेसीने खारवलेल्या बांगड्यांचा डबा शेजारच्या थेरेसाला देऊन टाकला. तेलाचा डबा मात्र तिने स्वतः उतरवला नाही. रिचेलला म्हणाली, "तू काढ. त्या दिवशीची डाळ कर."

चमचाभर तेलात लसूण चुरचुरला. ग्रेसी चुलीपाशी उभी राहून वास घेत होती. "अजून अर्धा घाल ना गो."

"मम्मी!"

"बरं, बरं."

आता सकाळी डोळे उघडले की ती आधी चप्पल घालते. परवा पट्टा जरा सैल वाटला. का नुसताच वाटला? तिने चप्पल काढली, परत घातली. मग सेबेस्टियनला हलवून उठवलं. "तू बघ रे. सैल हाय ना?"

तो डोळे चोळत वाकला, पट्ट्याखाली बोट घालून बघू लागला. तेवढा वेळही तिचा पाय जागेवर राहीना.