पाण्यातल्या गावाचं तिकीट

आमच्या वसाहतीत बारसं असो, साखरपुडा असो, नाहीतर नुसता लाईट गेलेला असो, चार माणसं जमली की किस्से सुरू होतात. एकानं तोंड उघडलं की दुसरा म्हणतो, "ते ऱ्हाऊ दे, आप्पांचा सांग!" त्यातले अर्धे मला पाठ आहेत आणि उरलेल्या अर्ध्यांत मी स्वतःच होते. एवढे साठले कसे, सांगू? पहिली काही वर्षं आमच्याशी बोलायला दुसरं कोणी नव्हतंच. आम्हीच सांगायचो आणि आम्हीच ऐकायचो!

आधी ओळख सांगते. आमचं गाव चंदगडच्या डोंगरात होतं. धरण झालं, गाव बुडलं आणि बदल्यात कर्नाटकच्या सीमेजवळच्या सपाटीवर जमीन मिळाली. नव्वदनंतरची गोष्ट. बरेच जण "बघू म्होरं" म्हणत मागं थांबले, मोजकीच घरं पहिल्यांदा आली. आमच्या घरात सासरे, त्यांना मी मामा म्हणायची, सासू म्हणजे आत्या, नणंद शालन, आमचे हे, आणि मी. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. सासर नीट कळायच्या आत सासरचं गावच गेलं!

*

ट्रकमधून सामान उतरलं. चुन्याच्या रेघा मारलेले प्लॉट, त्यावर पत्र्याच्या खोल्या, झाड एकही नाही. आत्यांनी कळशी उचलली आणि सवयीनं म्हणाल्या, "मी जरा खाली जाऊन येतो."

आमच्या गावात सगळं एकतर वर, नाहीतर खाली. देऊळ वर, ओढा खाली, रान वर, शाळा खाली. डावं-उजवं कोणी म्हणायचंच नाही. आत्या चार पावलं गेल्या आणि थबकल्या. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. सगळं ताटासारखं सपाट.

मामा म्हणाले, "का गं, थांबलीस का?"

"खाली कुठंशी हाय त्ये सांगा की आधी!"

सगळे हसले. मामा मात्र हसले नाहीत. चारी बाजूंना बघत, कुणालाच न विचारल्यासारखं म्हणाले, "हितं पावसाचं पाणी जातंय तरी कुठं?"

*

एसटीचा किस्सा आत्यांचाच. बाजार करून आम्ही दोघी गाडीत बसलो. कंडक्टरनं विचारलं, "कुठलं देऊ?" आता वसाहतीला नाव नव्हतं, थांबा नव्हता. आत्यांनी सरळ आपल्या जुन्या गावाचं नाव ठोकलं.

कंडक्टर पूर्वी आमच्या डोंगराकडच्या गाडीवर होता. तो म्हणाला, "अवो मावशी, त्ये गाव पाण्यात गेलं की!"

"गाव गेलं. आमी कुठं गेलो? तुमच्या म्होरं बसलोय न्हवं का!"

सगळी गाडी हसायला लागली. कंडक्टरही हसला. "व्हय खरं, पर तिकीट कुठलं फाडू?"

"तिथलंच फाडा. आमी मधीच उतरतो!"

शेवटी त्यानं पुढच्या गावाचं तिकीट दिलं. आम्ही तिथं उतरलो आणि पिशव्या डोक्यावर घेऊन उलट चालत आलो. अर्ध्या वाटेत आत्या म्हणाल्या, "त्येच्या त्वांडातनं गावाचं नाव ऐकलं, तेवढंच बरं वाटलं बघ."

*

त्याच वर्षीची पंचमी. लग्नानंतर माझी पहिली. भाऊ न्यायला येणार म्हणून मी पिशवी भरून ठेवली, नवी साडी नेसले आणि रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिले. माझं माहेरही त्याच धरणात गेलेलं. त्यांना जमीन मिळाली दुसऱ्या तालुक्यात. पण माणसं होती ना! एसट्या आल्या तशा गेल्या. दिवस मावळला तशी मी परत आले. आत्यांनी माझ्या ताटात पुरणाची दोन दिंडं जास्त वाढली, बास.

भाऊ आला दिवाळीला. मी तोंड फुगवूनच बसलेली. तो म्हणाला, "अगं, पंचमीला आलतो की!"

"मग गेलतास कुठं?"

"दिसभर फिरलो. ज्येला त्येला इच्यारलं, धरणवाली माणसं कुठं ऱ्हात्यात. कुणालाच म्हाईत न्हाय. गाव सापडलंच न्हाय, आक्का."

*

आता बाबगोंडा आप्पा. आमच्या बांधाला बांध लागून त्यांचं रान. जैन घर, पिढ्यान् पिढ्या तिथलं. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि रागावले की दोन्ही एकदम! आम्हाला मिळालेली जमीन मुळात त्यांची. धरणाचं पाणी ज्यांच्या रानाला मिळणार, त्यांच्याकडून काही जमीन काढून आम्हाला दिलेली. म्हणजे आमचं गाव आप्पांच्या उसासाठी बुडालं आणि आप्पांचं रान आमच्यासाठी गेलं! दोघांनीही काही मागितलं नव्हतं.

आप्पा रोज सकाळी बांधावर येऊन उभे राहायचे. आपल्या गेलेल्या रानाकडं बघायचे आणि निघून जायचे. मामा रानात असायचे, पण दोघं एकमेकांकडं मान वर करून बघायचे नाहीत. असं कितीतरी महिने चाललं.

मग आला उन्हाळा. आमच्याकडं भाताचं बी टाकण्याआधी त्या जागेवर फांद्या, पाला, शेण पसरून जाळतात. त्याला तरवा भाजणं म्हणतात. मामांनी कुठून कुठून पाचट गोळा करून आणलं, रानाच्या कोपऱ्यात पसरलं आणि दिली काडी!

आप्पा धोतर सावरत पळतच आले. "अवो, काय करालायसा? माझ्या रानाला आग लावली की वो!"

मामांनी वर बघितलं. "तुमचं रान? कागद माझ्या नावचा हाय."

"कागद तुमचा आसंल. माती माझी हाय!"

आणि पायताणानंच आग विझवायला लागले. मामाही गडबडले. इतका म्हातारा माणूस जाळात पाय घालतोय म्हटल्यावर करतील काय? तेही विझवायला लागले. आपणच लावलेली आग! सगळं विझल्यावर दोघं धापा टाकत बांधावर बसले. आप्पांनी ढेकूळ उचललं, हातात फोडलं आणि म्हणाले, "ही काळी हाय. भाजायची न्हाय हिला. हितं पाणी साचतंय, तिकडं भेगा पडत्यात..." अंधार पडेपर्यंत सांगत होते. घरी आल्यावर मामा म्हणाले, "लेकाचा, पोरगी नांदायला दिल्यागत बोलाला हुता."

*

पावसाचं सांगते. डोंगरात चार महिने घराबाहेर पडता येत नाही. त्या हिशोबानं मामांनी तयारी केली. जळण पार आढ्याला भिडवलं. भिंतींना बाहेरून गवताचे तट्टे बांधले. पावसात डोक्यावरनं घ्यायच्या कांबळ्याच्या खोळी काढून ठेवल्या. शेजारच्या गावातली माणसं बघायला यायची. "काय पावणं, किल्ला बांधालायसा काय?"

पाऊस आला. दोन-तीन सरी पडल्या, की ऊन! पुन्हा एखादी सर, पुन्हा ऊन. मामा रोज दाराशी बसायचे, कांबळं मांडीवर घेऊन. भादवा गेला. नवरात्र बसलं. आत्या म्हणाल्या, "तट्टे सोडा की आता. घरात उजेड न्हाय."

मामा म्हणाले, "थांब वाईच. अजून लागला न्हाय पाऊस."

तट्टे सुटले थेट दिवाळीत. तेही आमच्या ह्यांनी सोडले.

*

वसाहतीतलं पहिलं मरण भिवातात्यांचं. आमच्यात सगळ्यात थोरला माणूस. गावात होते तोवर रोज देवळापर्यंत चढून जायचे. इथं आल्यावर नुसते बसून असायचे, काही दुखत-खुपत नव्हतं. एक दिवस सकाळी उठलेच नाहीत.

तिरडी बांधली आणि मग सगळ्यांच्या डोक्यात आलं, न्यायचं कुठं? नकाशात वसाहतीचं स्मशान होतं. माणसं जागा बघायला गेली तर तिथं पुरुषभर उंचीचा ऊस! कुणाचा, ते कोणी सांगेना. शेजारच्या गावातली स्मशानं ज्या त्या समाजाची ठरलेली, त्यात आम्ही कुठंच नव्हतो. दुपार झाली. बायका रडून रडून गप्प झाल्या. तात्या अंगणात तसेच. तात्यांची बायको एवढंच म्हणत होती, "आपल्या वड्याला न्या. आपल्या वड्याला न्या." आता कुठला ओढा?

आप्पा आले ते गड्यांना घेऊनच. त्यांचं उरलेलं रान होतं ओघळीच्या, म्हणजे बारक्या ओढ्याच्या कडेला. तिथला कोपऱ्यातला ऊस त्यांनी उभ्या उभ्या तोडायला लावला. अजून तुटायला आलाही नव्हता. मामा हात जोडून पुढं झाले. "आप्पा, ह्ये कसं फेडायचं?"

आप्पा म्हणाले, "जित्या मानसास्नी सरकारनं दिली माझी जमीन. ह्या मेल्याला मी देतोय. मधी कुणी बोलू नका."

आणि खांदा द्यायला पुढं उभे राहिले.

*

शालनचं लग्न ठरायच्या वेळची मजा! कुणी स्थळ आलं की पहिला प्रश्न, "भावकी किती हाय?" गावात आमची अख्खी वाडी भावकीची होती. आता एक घर इथं, एक तिथं. वसाहतीतली पोरगी म्हणजे मागं-पुढं कोणी नसलेली, असंच लोक धरायचे. दोन स्थळं तशीच परत गेली.

तिसऱ्या वेळी आप्पा म्हणाले, "मी बसतो की चुलता म्हणून!"

मामा म्हणाले, "बसा, पर त्वांड उघडू नका."

आप्पा कोट-टोपी घालून ऐटीत बसले. पावणे आले, पोहे झाले. आप्पा नुसती मान हलवताहेत आणि कपाळावरनं घाम गळतोय. मुलाचा आजा त्यांच्याकडं टक लावून बघत होता. आप्पांना ते सोसेना. गडबडीत तोंडातून निघून गेलं, "ऊटा आतेन्री?" म्हणजे, जेवण झालं का!

आत चुलीपाशी आम्ही कपाळावर हात मारला. आजोबांनी शांतपणे विडा तोंडात घातला आणि कानडीतच उत्तर दिलं. त्यांची आई सीमेपलीकडची होती! मग मामांकडं वळून म्हणाले, "चुलता खोटा हाय त्ये कळलंया आमास्नी. पर खोटा चुलता बी एवढा घामाघूम हुतोय, म्हंजे पोरगीमागं मानसं हाईत."

ठरलं की लग्न!

*

पुढं आप्पांच्या घरी फोन बसला. मामांची बहीण हौसाक्का तिसऱ्याच तालुक्यातल्या वसाहतीत. गावात असताना त्यांचं घर दरीच्या पलीकडं होतं. ही बहीणभावंडं आयुष्यभर या अंगाहून त्या अंगाला ओरडूनच बोललेली. आप्पांनी नंबर लावून दिला. मामांनी रिसीव्हर हातात घेतला, छाती भरून श्वास घेतला आणि, "हौसेऽऽऽ!"

आप्पांच्या घरातली भांडी हलली. गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. तिकडून हौसाक्कांचाही तसाच आवाज. रिसीव्हर कानाला लावायची गरजच नव्हती!

फोन ठेवल्यावर आप्पा म्हणाले, "अवो, नुसतं दारात हुभा ऱ्हाऊन वरडला आसतासा तरी पोचलं आसतं! फोन कशाला पायजे?"

मामा म्हणाले, "वरडून बघितलं की पैल्या वर्षी. रानात जाऊन, कुणी न्हाय बघून. हितं डोंगर न्हाय आप्पा. हाक जात्या ती जात्याच. परत येत न्हाय."

*

आणि हा शेवटचा. दोन-तीन वर्षं पाऊस कमी झाला होता आणि त्या उन्हाळ्यात धरण पार तळाला गेलं. गाव उघडं पडलंय अशी बातमी आली. वसाहतीतली माणसं जीप करून बघून आली. मामा काही जाईनात. "काय बघायचं हाय तिथं? चिखल?"

एक दिवस आप्पाच जीप घेऊन दारात. "बसा. मला बघायचंय. माझं रान कुणासाठनं गेलं, त्ये एकदा मला बघायचंय."

मग काय करतात! मामा, आत्या, आम्ही दोघं, सगळे निघालो. घाट चढून गेलो, धरणाच्या काठाला जीप लावली आणि भेगाळलेल्या गाळातून चालत खाली उतरलो. सगळीकडं राखेच्या रंगाची माती. झाडांचे नुसते बुंधे. मामा पुढं, त्यांच्या मागं आप्पा. मामा कुठं चुकले नाहीत. हा पाणवठा, ही शाळा, हे भिवातात्याचं घर, असं हातानं दाखवत चालले होते. तिथं काहीही नव्हतं. दगडांच्या रांगा होत्या, बस.

आमच्या घराचं जोतं तेवढं शिल्लक होतं. भिंती नाहीत, छप्पर नाही. पुढच्या अंगाला उंबऱ्याचा दगड. मामा तो उंबरा ओलांडून आत गेले आणि मधोमध उभे राहिले. पाठ आमच्याकडं.

आप्पा उंबऱ्याच्या अलीकडंच थांबले. कुठूनही आत जाता आलं असतं. पण ते तिथंच उभे, टोपी काढून हातात धरलेली. मग हळूच म्हणाले, "यीऊ का आत?"

मामा वळले. "या की. दार उघडंच हाय."

आप्पांनी पाय उचलला. एवढ्यात मागून आत्या म्हणाल्या, "चपला भायेर काढा वो आप्पा. सारवलंय."

आप्पांनी चपला काढल्या.