रॉक अँड रोलच्या शेवटी हळद

उल्हासनगरात कॅसेट भरून देणाऱ्या सिंधी शेठला एक खोड होती. टेपवर जरा जागा उरली की त्याला राहवत नसे. नव्वदच्या सुमारास मी त्याच्याकडून रॉक अँड रोलची कॅसेट भरून घेतली. बदलापूर गावात घरी येऊन लावली, तर शेवटची गिटार थांबताच ढोलकी आणि बायकांचं हळदीचं गाणं सुरू! मी तडक परत गेलो. शेठ शांतपणे म्हणाला, "साईं, खाली टेप देना पाप है."

माझं डोकंच फिरलं. काळ्या मजुरांचा ब्लूज आणि गोऱ्या शेतकऱ्यांची गावठी गाणी मिसळली, त्यातून हे संगीत जन्मलं, हे मीच मित्रांना ऐकवायचो. पण माझ्या कॅसेटवर भेसळ? अजिबात चालणार नव्हती.

आईला मात्र ती कॅसेट फार आवडली. हळदीच्या गाण्यासाठी ती तांदूळ निवडत अख्खी बाजू ऐकायची. मी टेप पुढे पळवायला गेलो की ओरडायची, "राहू दे रे! आधी त्या पाहुण्यांना नाचून घेऊ दे, मग हळद." हळूहळू तिचा पायही ठेका धरायला लागला.

पुढे मी त्याच गाण्यांची अस्सल सीडी आणली. शेवटची गिटार थांबली आणि घर गप्प झालं. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"पाहुणे नाचून गेले," ती म्हणाली, "अन् हळद?"

मी हसणार होतो. पण मीही ढोलकीचीच वाट बघत बसलो होतो.